पेशंट धरणाऱ्या हातांनाही शिकवा आणि जपा

नगर-मनमाड रस्त्यावर अपघात होतो, मांडीचे हाड मोडते आणि माणूस ऑपरेशनच्या टेबलावर येतो. ऑपरेशन डॉक्टर करतात. पण भूल दिल्यावर पेशंटला टेबलावर नीट ठेवणे, कुशीवर वळवणे, सी-आर्म मशीन चालू असताना पाय धरणे ही कामे ओटीतले मामा, मावशी आणि वॉर्डबॉय करतात. त्यांत आपल्या वस्त्यांतले बंधू-भगिनीही आहेत आणि पुष्कळजण ठेकेदाराकडून लागलेले आहेत. या कामाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

हे नुसते अंगमेहनतीचे काम नाही. जागा माणूस हाताला मुंग्या आल्या की हात हलवतो. भूल दिलेल्याला ते कळतही नाही आणि सांगताही येत नाही. हात खांद्यापासून ९० अंशांपेक्षा जास्त बाहेर ताणला, तर खांद्याजवळच्या नसा ताणल्या जातात. कोपराची आतली बाजू टेबलाच्या कडेवर दाबली, तर करंगळी बधिर होते. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूच्या हाडावर दाब आला, तर पाऊल लुळे पडू शकते. पालथ्या पेशंटच्या डोळ्यांवर दाब येता कामा नये आणि पोट मोकळे राहिले पाहिजे. वर बांधलेले दोन्ही पाय एकदम, सावकाश खाली घ्यावे लागतात, नाहीतर रक्तदाब घसरतो. ऊसतोड करणाऱ्याचा हात असा निकामी झाला, तर घर कशावर चालायचे?

दुसरा धोका कामगाराला आहे. सी-आर्ममधून क्ष-किरण निघतात आणि पेशंटच्या अंगावर आदळून चारी बाजूंना पसरतात. ते दिसत नाहीत, भाजत नाहीत, म्हणून भीती वाटत नाही. अंतर दुप्पट केले की मारा साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून फोटो घेताना दोन पावले मागे सरणे हेही संरक्षणच आहे. आडवा फोटो घेताना किरण सोडणाऱ्या नळीच्या बाजूला थांबू नये, समोरच्या बाजूला थांबावे. पाय हाताने धरण्याऐवजी पट्टा किंवा वाळूची पिशवी वापरावी. शिशाचा एप्रन घडी न घालता टांगून ठेवावा, घडीवर त्याला आतून चिरा पडतात.

अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांत काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी मर्यादा घातली आहे. पण छातीवर मोजणीचा बॅजच नसेल, तर मर्यादा ओलांडली हे कळणार कसे? आमच्याशी बोललेल्या एका बांधवाने सांगितले, “एप्रन दोनच आहेत, ते साहेबांना लागतात.” हे आम्हाला मान्य नाही.

“ही माणसे शिकलेली नाहीत, त्यांना काय समजणार?” असे कोणी म्हटले, तर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या महिलांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांत दलित महिला होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. त्यांनी गावांचे आरोग्य सुधारून दाखवले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मान देऊन शिकवले की माणूस शिकतो.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळले. कामगाराच्या जिवाची काळजी हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातील सरकारी असो वा खासगी, प्रत्येक ओटीत नव्या माणसाला मराठीतून प्रशिक्षण मिळावे. सी-आर्मजवळ नेमाने काम करणाऱ्या प्रत्येकाला, ठेक्यावरचा असला तरी, एप्रन आणि बॅज मिळावा. गरोदर भगिनीने कळवताच तिला दुसरे काम द्यावे आणि तिची मजुरी कापू नये. ओटीत काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन हे लेखी मागावे. आणि आपले माणूस ऑपरेशनला जाईल तेव्हा आखडलेला खांदा, दुखरी कंबर, आधी बसवलेली पट्टी हे सारे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे.