कोठीवाल्यांचा वाद आणि कामगारांचे घर

चंदीगडमध्ये एका भूखंडावर एक घर असावे की तीन, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी निकालात काढला. सेक्टर १ ते ३० या पहिल्या टप्प्यातील निवासी भूखंडाचे तुकडे पाडण्यास आणि एका कोठीचे मजलेवार फ्लॅट करण्यास मनाई झाली. दाद मागणाऱ्या रहिवासी संघाची सरशी झाली, बिल्डरांचा एक दरवाजा बंद झाला. या लढाईत कामगारवर्गाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र कोणत्याही पक्षकाराने विचारला नाही.

पळवाट मोठी नामी होती. मजलेवार मालकीला मुभा देणारे २००१ चे नियम २००७ मध्ये रद्द झाले. मग कोठीचा अविभक्त हिस्सा विकण्याची युक्ती निघाली: ५० टक्के एकाला, ३० टक्के दुसऱ्याला, २० टक्के तिसऱ्याला आणि कोणता मजला कोणी वापरायचा याचा आपसांत करार. कागदावर घर एक, प्रत्यक्षात बिऱ्हाडे तीन. बिल्डर जुनी कोठी विकत घेत, पाडत आणि तीन मजले चढवून तीन गिऱ्हाइकांना विकत. प्रशासन डोळे मिटून नकाशे मंजूर करीत राहिले, असा ठपका न्यायालयानेच ठेवला आहे.

शेजाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. एका कुटुंबासाठी टाकलेल्या जलवाहिनीवर आणि मलवाहिनीवर तीन कुटुंबांचा भार पडला, गल्ल्या मोटारींनी भरल्या. पण या रास्त तक्रारीवर वारशाची जी झूल चढवली गेली, तिच्याखाली काय दडले आहे? ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात या सेक्टरांत अवघ्या दीड लाखांची वस्ती धरली होती, तर दुसऱ्या टप्प्यातील मोजक्या सेक्टरांत साडेतीन लाखांची. सरकारी घरांच्या तेरा श्रेणी होत्या, मंत्र्यापासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे उतरत जाणाऱ्या. उत्तरेला मोकळी हवा आणि दक्षिणेला दाटी ही वर्गव्यवस्था आराखड्यातच कोरलेली आहे. आज ज्या हिरवळीचे रक्षण वारसा म्हणून होते, ती मुळात शेतकऱ्यांकडून राज्यसत्तेने संपादन केलेली शेतजमीन आहे. भोवतालच्या गावांनी बांधकाम करू नये म्हणून १९५२ मध्ये परिघ-नियंत्रणाचा कायदाही झाला. शेतकऱ्यावर बंधन घालून राखलेल्या या मोकळीकीचे भाडे कोठीवाल्याने कधी भरले?

बिल्डरांचा युक्तिवाद तितकाच भंपक आहे. घरे वाढली की टंचाई हटेल, असे ते सांगतात. पण कोट्यवधी रुपयांच्या मजल्यात कोणता सफाई कामगार राहायला जाणार? तीनपट बांधकामाने जमिनीचा भाव चढतो, आणि चढलेला भाव म्हणजे कामगाराला शहराबाहेर ढकलणारा हात.

तो हात १ मे २०२२ रोजी उघड दिसला. औद्योगिक क्षेत्रातील कॉलनी क्रमांक ४ वर प्रशासनाने बुलडोझर चालवला, तोही कामगारदिनी! पात्र ठरलेल्यांना शहराच्या कडेला मलोया येथे भाड्याची घरे देण्यात आली. अपात्रांचा संसार रस्त्यावर आला. भांडवली समाज गलिच्छ वस्तीचा प्रश्न सोडवत नाही, ती वस्ती फक्त दुसरीकडे हलवतो, हे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते. महाराष्ट्रातील वाचकांना गुंठेवारी ठाऊक आहे. गरिबाने गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घर बांधले की ते अनधिकृत ठरते, आणि नियमिततेसाठी त्याला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. चंदीगडच्या हिस्सेदार धनिकांची खरेदीखते मात्र सुखेनैव नोंदली जात होती.

काही कॉम्रेड म्हणतात, हे कोठीवाल्यांचे भांडण आहे, त्यात पडू नये. काहींना हा निकाल बिल्डरशाहीवरील प्रहार वाटतो. दोघेही चुकतात. भूखंडाचे विभाजन स्वतः ना पुरोगामी, ना प्रतिगामी. त्यातून वाढणारे मूल्य कोणाच्या खिशात जाते, हे पाहावे लागते. पहिल्या टप्प्यात वस्तीची घनता वाढवावी काय, याचा विचार न्यायालयाने वारसा समितीकडे सोपवला. म्हणजे तत्त्वतः निकालाने दार उघडे ठेवले. त्या दारातून पहिली मागणी कामगारांची गेली पाहिजे: घनता वाढवायचीच असेल तर आरंभ ऐसपैस सरकारी बंगल्यांच्या आवारांपासून व्हावा, तेथील घरे सार्वजनिक मालकीची व अल्पभाड्याची असावीत, आणि उत्तरेच्या सेक्टरांत पहाटे झाडू मारायला, भांडी घासायला येणाऱ्यांना त्याच सेक्टरांत राहण्याचा हक्क मिळावा. जलवाहिन्यांच्या वाढीचा खर्च मजले विकून नफा कमावलेल्यांकडून वसूल करावा.