दुधाच्या दातांवर नफ्याची कीड

मुलाचे वीस दुधाचे दात साधारणतः सहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान एकेक करून पडतात. चांगला दात किडका ठरवून पोखरला, आतली नस काढली, वर पोलादी टोपी बसविली, तरी काही वर्षांत तो टोपीसकट पडतो आणि लुटीचा पुरावा ते मूल स्वतःच्याच हाताने घराच्या कौलावर फेकून देते. त्यातून पैसे सरकारने भरलेले असले, की बापाच्या खिशालाही चटका बसत नाही. चोराला याहून सोयीचा अवयव मानवी शरीरात नाही.

अमेरिकेत या सोयीचा व्यापार झाला. तेथे गरीब कुटुंबांच्या उपचारांचा खर्च मेडिकेड या सरकारी योजनेतून दिला जातो. या मुलांसाठी ‘स्मॉल स्माईल्स’ नावाची दवाखान्यांची साखळी उभी राहिली आणि तिचा कारभार फोर्बा होल्डिंग्ज ही कंपनी पाही. गरज नसताना नसा काढणे, टोप्या बसविणे, दात उपटणे आणि त्याची देयके सरकारकडून वसूल करणे, हा तिच्यावरील आरोप. मुलांना फळीला जखडून उपचार होत आणि आईला बाहेर थांबविले जाई, हेही उजेडात आले. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने २ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली. खटल्यातून सुटकाही तेथे विकतच मिळते! २०१३ च्या सिनेटच्या चौकशी अहवालाने अशा कंपन्यांचे खरे दुखणे दाखविले : उपचाराचा निर्णय दंतवैद्याच्या हातून निसटून मालकाच्या हिशेबवहीत गेला होता. पुढे २०१४ मध्ये या साखळीला सरकारी योजनांतून पाच वर्षांसाठी वगळण्यात आले. पण २०१८ मध्ये ‘कूल स्माईल्स’ या दुसऱ्या साखळीलाही तशाच आरोपांवरून सुमारे २ कोटी ३९ लाख डॉलर मोजावे लागले. एका कंपनीला हाकलले तरी पद्धत जागच्या जागीच राहते.

हे साता समुद्रापलीकडचे आहे, असे म्हणून कोल्हापूरकराला हात झटकता येणार नाहीत. ज्यांच्या कोयत्यावर या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गळीत चालते, त्या बीडच्या ऊसतोड स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेतील बोरिसणा गावी मोफत शिबिर भरले. तेथून अहमदाबादच्या खाजगी रुग्णालयात नेलेल्या एकोणीस जणांपैकी सात जणांच्या हृदयवाहिन्यांवर उपचार झाले आणि दोघे दगावले. आयुष्मान भारत योजनेच्या पैशांसाठीच हा खटाटोप केल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. ‘मोफत’ या शब्दापुढे गरीब माणूस प्रश्न विचारीत नाही, हे या धंद्याचे भांडवल आहे.

आता महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करून तिची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या आहेत. उद्या मुलांचे दातही विम्याखाली आणा, अशी मागणी होईल आणि ती पुरोगामी म्हणून मिरवली जाईल. मुलांचे दात किडतात आणि गरिबाच्या मुलाला ठणका सोसत शाळेत बसावे लागते, हे खरेच आहे. खोल किडीवर नस काढून टोपी बसविणे हा योग्य उपचारही आहे, आणि तो सचोटीने करणारे दंतवैद्य गावोगाव आहेत. पण दर टोपीमागे पैसे देणारी योजना टोप्यांची संख्या वाढविते; किडीशी तिचे देणेघेणे नसते. पगारी दंतवैद्याला मात्र ‘दात चांगला आहे, घरी जा’ असे सांगण्यात काहीच तोटा होत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा खाजगी पंतोजींना दर विद्यार्थ्यामागे देयके पाठविण्यास सांगितले नव्हते. संस्थानाने शाळा उभारल्या. आज शाळांत व अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांचे दातही तपासतात, परंतु पथकाच्या आखणीत दंतवैद्याला जागाच नाही. मग कीड दिसलेल्या मुलाने जावे कोठे? सी.पी.आर.पर्यंत जायचे म्हणजे शाहूवाडीच्या किंवा चंदगडच्या मजुराची रोजी बुडते. जवळच्या खाजगी शिबिराचा फलक त्याच पोकळीत लागतो.

एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने लढलेल्या या शहराने २०१५ मध्ये रस्त्यावरचा टोल सरकारला मागे घ्यायला लावला. मुलांच्या तोंडात टोलनाका बसण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पूर्णवेळ पगारी दंतवैद्य आणि चालू स्थितीतील खुर्ची, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे आणि आरोग्य खात्यापुढे आताच गेली पाहिजे. तोवर गावात दातांचे मोफत शिबिर आले, तर कार्यकर्त्यांनी तेथे हजर राहावे : आईला मुलाजवळ बसू देतात का, कोणत्या दाताला काय करणार हे मराठीत लिहून देतात का आणि पैसे कोणाकडून वसूल करणार, एवढे विचारावे, उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही कागदावर अंगठा उठू देऊ नये.