बेंगळूरहून परत

आपल्याकडे नोकरीतल्या बदलीला दोनच दिशा ठाऊक असतात. बेळगावहून बेंगळूरला गेला की वर गेला, बेंगळूरहून बेळगावला आला की खाली आला. ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या विभागात काम करून पुन्हा आपल्या जागी यायचे, अशीही एक रीत असते हे सांगून कुणाला पटत नाही. सरकारी नोकरांच्या घरांत निदान 'डेप्युटेशन' हा शब्द तरी रुळलेला आहे. मराठीत प्रतिनियुक्ती, कन्नडमध्ये नियोजने. खासगी कंपन्यांतही ही पद्धत आहे, तिथे तिला 'सेकंडमेंट' म्हणतात. नाव इंग्रजी असल्यामुळे जाताना फार मोठे वाटते आणि परत येताना कुणाला समजावून सांगता येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या बेळगाव शाखेत आहे. तिचे काम काय, हे आमच्या घरात आजवर कुणाला नीट सांगता आलेले नाही. कर्ज ती मंजूर करत नाही आणि ग्राहकही ती आणत नाही. ग्राहक आणतात ते एजंट, कंपनीच्या भाषेत डीएसए. एजंटाने आणलेली फाइल पुरी आहे का ते पाहायचे, ती संगणकावर चढवायची, वकिलाचा अभिप्राय आणि जागेचे मूल्यांकन मागवायचे. बेंगळूरच्या मंजुरी कक्षाने शंका काढल्या की एजंटाला फोन करायचा, तो चिडला की मुकाट्याने ऐकून घ्यायचे, आणि पैसे हातात पडेपर्यंत त्या फाइलच्या मागे राहायचे. कर्ज मिळाले की पेढे एजंटाला, अडले की बोलणी हिला!

मार्च २०२४ मध्ये कंपनीने तिला अकरा महिन्यांसाठी बेंगळूरच्या त्याच मंजुरी कक्षात पाठवले. बहिणीने गल्लीभर सांगितले, मुलगी हेड ऑफिसला गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदत संपली, मुलगी परत आली आणि पूर्वीच्याच टेबलावर बसली. मग सुरू झाले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आवाज खाली आणून विचारू लागल्या, "काय झालं गं?" एका स्थळाकडून मध्यस्थामार्फत विचारणा आली, परत का पाठवले म्हणून. पोरगी वैतागून मला म्हणाली, "मी काय नापास होऊन आलो नाही की गं मावशी. मुदत संपली, आलो."

कन्नड सरकारी कागदांत मूळ खात्याला 'मातृ इलाखे' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. पण मुलगी आईकडे परत आली म्हटले की आपल्या समाजाच्या भुवया आधी वर जातात, प्रश्न मागून येतो. नोकरीतही तेच चालले आहे की काय, अशी मला शंका येते.

जाण्यापूर्वी ती शाखेत काय करीत होती, ते दुभाषी घरांतल्या वाचकांना सहज कळेल. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे घराघरांतली जुनी खरेदीपत्रे, वाटणीपत्रे मराठीत आहेत, काही तर मोडीत. पुढचे उतारे, खाते, कर भरल्याच्या पावत्या कन्नडमध्ये. एकाच घराचा मालकीहक्क असा दोन भाषांतून चालत आलेला असतो. कर्ज देणाऱ्याला ती साखळी कुठे तुटलेली चालत नाही. आमची पोर मराठी शाळेत शिकली, कन्नड दारातल्या मैत्रिणींकडून आणि पुढे कॉलेजात पक्के झाले. दोन्ही कागद ती सरळ वाचते.

तिने सांगितलेला एक किस्सा. जुन्या कागदांत विवाहित बाईचे नाव लिहिताना आधी तिचे नाव, मग 'कोम', मग नवऱ्याचे नाव असे लिहीत. कोम म्हणजे अमक्याची बायको, जसे बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. आपल्याकडच्या कन्नड उताऱ्यांतही हे शब्द सापडतात. कुणी तरी संगणकात नाव भरताना 'कोम' हे बाईंचे मधले नाव म्हणून टाकले. आधार कार्डावर कोम नाही, पॅनवर नाही. शंका आली, नाव जुळत नाही, दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्या. सत्तरीच्या बाई नोटरीकडे जाऊन, आपण म्हणजे आपणच, असे लिहून देऊन आल्या. दुसऱ्या एका फाइलला 'फॉर्म १६ जोडा' एवढाच शेरा होता. पगारदाराने कंपनीकडून मिळणारा आयकराचा फॉर्म दिला. हवा होता सब-रजिस्ट्रारचा, मालमत्तेवर बोजा नसल्याचा फॉर्म १६. दोन खाती, एकच आकडा, आणि त्यात आठवडा गेला.

बेंगळूरला तिला याची दुसरी बाजू दिसली. मंजुरी कक्षात बसलेल्या माणसापुढे कोलारपासून बेळगावपर्यंतच्या फाइली येतात. एकेका फाइलला त्याच्याकडे मिनिटे मोजकी. तो उद्धट नसतो. पडद्यावर नाव जुळले नाही की शेरा लिहिणे त्याला भागच असते, न लिहिला तर लेखापरीक्षणात त्याचीच मान अडकते. आणि आमची पोर ज्या इंग्रजी टिपा मोठ्या कष्टाने लिहून पाठवत असे, त्या फाइलच्या शेवटी चाळिसाव्या पानामागे जोडलेल्या असत. तिथवर कुणी पोहोचतच नसे! तिने तिथल्या तिथे सुचवून पाहिले, टीप पहिल्या पानावर घ्या. बेळगावच्या फाइलींपुरते ते मान्य झाले.

आता ज्याने दोन्ही बाजू पाहिल्या तो माणूस परत आल्यावर शाखेने त्याला काय विचारावे? काही नाही. पहिल्या दिवशी मॅनेजरनी विचारले, बेंगळूरला राहायला कुठे होतीस.

दरम्यान इथे पाणी बरेच वाहून गेले होते. तिच्या जागी दावणगेरेचा एक मुलगा आला होता. कन्नड उत्तम, मराठी शून्य, पण कामाला चोख. निम्मे एजंट त्याच्याकडेच राहिले, आणि त्यात त्याची चूक काही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मालमत्तेच्या नोंदणीला ई-खाते सक्तीचे झाले होते. त्याची खाचखळगे त्याला पाठ, हिला नवी. स्वतःच्याच टेबलावर बसून महिनाभर ती त्याला विचारत होती.

त्यातच ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्के केला. मे २०२० नंतरची ती पहिली कपात. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, आमचा हप्ता कधी उतरणार? तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज नऊ टक्क्यांवरून पावणेनऊवर आले तर हप्ता महिना सुमारे ४८० रुपयांनी उतरतो. पगारदार घराला ही रक्कम लहान नव्हे. पण ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराशी कर्ज जोडण्याची सक्ती आहे ती बँकांना. गृहवित्त कंपन्यांना ती नाही, त्या आपला दर आपल्या सवडीने उतरवतात. हे एजंट ग्राहकाला आधी सांगत नाही आणि ग्राहक विचारत नाही. मी अर्थशास्त्र शिकवते, पण हा फरक वर्गात इतक्या नेमकेपणाने मी कधी मांडला नव्हता, जितका तिने त्या आठवड्यात फोनवर शंभरदा मांडला असेल. तरंगत्या दराचे घरकर्ज मुदतीआधी फेडून दुसरीकडे नेल्यास व्यक्तीला दंड पडत नाही, हेही ती ग्राहकांना सांगते. कंपनीला ते आवडत नसावे.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. कायम सरकारी नोकर प्रतिनियुक्तीवर गेला तरी मूळ पदावरचा त्याचा हक्क शाबूत राहतो. त्याला 'लिन' म्हणतात, मराठी शासनव्यवहारात धारणाधिकार. गंमत म्हणजे कर्ज देणाराही हाच शब्द वापरतो. तुमच्या ठेवीवर कर्ज दिले की तो त्या ठेवीवर लिन नोंदवतो. दुसऱ्याच्या मालमत्तेवरचा आपला हक्क कागदावर चढवल्याशिवाय जी कंपनी एक रुपया सोडत नाही, ती आपल्या कर्मचाऱ्याला अकरा महिने दुसरीकडे पाठवताना चार ओळींचे ईमेल पाठवते. परत कुठल्या पदावर येणार, घरभाडे भत्ता कधी थांबणार, वर्षाचे गुणांकन कोण करणार, यातले एक अक्षर त्यात नव्हते. व्हायचे तेच झाले. बेंगळूरचे साहेब म्हणाले, तू आता आमच्याकडे नाहीस. इथले म्हणाले, वर्षभर तू आमच्याकडे नव्हतीस. कोरा रकाना ठेवता येत नाही म्हणून कुणी तरी 'सरासरी' असे भरून टाकले, आणि वेतनवाढही सरासरीच मिळाली. ज्यांच्या घरातले कुणी असे जाणार असेल, त्यांनी निघण्यापूर्वी ही तीन उत्तरे लेखी मागावीत. मागितली म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही.

तिने फेरविचाराचा अर्ज केला आहे. तिची आई म्हणते, कशाला वाकड्यात शिरतेस, लग्न ठरायचंय. मी अर्जाचा मसुदा तपासून दिला, म्हणून बहीण सध्या माझ्याशी जरा घुश्शातच आहे.

टेबलाचे म्हणाल तर दोघांनी आपसात वाटून घेतले आहे. ई-खाते आणि पालिकेची कामे त्याची, जुने मराठी कागद हिचे. कोम, बिन, उर्फ, सामाईक अशा शब्दांची एक यादी करून तिने बेंगळूरला पाठवली, आणि दावणगेरेच्या मुलाने ती स्वतःच्या पडद्याच्या कडेला चिकटवली आहे. परवा त्याने एका म्हाताऱ्या ग्राहकाला मराठीत "बसा की आजोबा" म्हटले म्हणे. अर्जाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.