गाईडातलं बी

दिवाळीत औंधला माहेरी गेले होते. आठवीतला भाचा पडवीत बसून शेतीच्या प्रकल्पाची वही रंगवत होता. बी रुजतानाची सहा चित्रं, अगदी सुबक.

"कुठलं बी पेरलंस रे?"

"पेरलं नाही आत्या, गाईडात आहे तसं काढलं."

आणि घरामागे गुडघाभर शाळू उभा! हसू आलं. मग आठवलं, कार्यानुभवाच्या तासाला आम्हीही बाजारातून आणलेल्या वस्तूच 'स्वतः केल्या' म्हणून दाखवायचो. मार्क मिळायचे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्यांनी आठवी ते दहावीसाठी आखलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. शेती-पशुपालन त्यातलाच एक भाग. माती तपासायची, रोपं करायची, खर्च लिहायचा. आणि शक्यतो गावाला खरंच हवं असलेलं काम करायचं. मला हीच गोष्ट मोलाची वाटते. रोपं कुणीतरी विकत घेणार असेल, तर ती का मेली हे शोधावंच लागतं. गाईडात ते उत्तर नसतं.

दादाला हे पटलं नाही. "शेतातनं सुटावा म्हणून तर शाळेत घातलाय. आणि पोरांच्या हातात विळा-कुदळ कोण देणार? काही झालं म्हणजे?"

त्याची भीती खोटी नाही. पण आपल्याच औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ (आताचा सांगली जिल्हा) स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली, ती जन्मठेपेच्या कैद्यांवर विश्वास टाकून. त्यांच्या हाती जमीन आणि अवजारं दिली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्यावरूनच सुचला. कैद्यांवर जो विश्वास टाकला, तो आपल्या पोरांवर टाकू नये?

त्याने शेतकरीच व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण खताची मात्रा काढताना त्रैराशिक कळतं. आणि आपल्या दुष्काळी खटावात विहिरीचं पाणी किती दिवस पुरेल हे मोजता येणं कुठल्याही नोकरीत वाया जात नाही.

शेवटी दादाने एक वाफा दिला. मेथी पेरलीय. बियाणं, पाणी, हिशोब सगळं भाच्याचं. परवा फोनवर म्हणाला, "आत्या, निम्मी जळाली. पाणी जास्त झालं वाटतं."

वहीत हेच लिही म्हटलं. मार्क किती मिळतील, देव जाणे!