‘पूर्वपदावर’ म्हणजे कोणत्या पदावर?

दंगल शमली की वृत्तपत्रे एक ठरीव वाक्य छापतात : ‘जनजीवन पूर्वपदावर आले.’ भाषेचे अध्यापक या नात्याने या वाक्यास आमचा आक्षेप आहे.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आजचा हिंगोली जिल्हा ज्यात सामावलेला होता, तो तेव्हाचा परभणी जिल्हाही होरपळला. घरे जळाली, कुटुंबे जीव मुठीत धरून परागंदा झाली. (‘दंगल’ हा शब्दही येथे फसवाच; दंगलीला दोन बाजू लागतात.)

पुढे एसटी धावू लागली, बाजार भरले, शाळा उघडल्या. परंतु परतणाऱ्या दलित कुटुंबाचे पूर्वपद कोणते? गावकुसाबाहेरची जागा, वेगळा पाणवठा, आणि ज्याच्या शेतावर मजुरी करायची त्याचीच दहशत. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा ५१ वर्षे झाली होती. पाण्याची शिवाशिव मात्र सुटली नव्हती. घरावर नवे पत्रे चढले, पण मजुरी, किराणा आणि गिरणी बंद असेल, तर माणूस परतला असे कसे म्हणावे?

हे केवळ आपल्याकडचे नाही. बोस्नियात १९९५च्या डेटन करारानंतर मूळ गावी परतणाऱ्या अल्पसंख्य कुटुंबांना वीजजोडणीसाठी ठिकठिकाणी अडवले गेले. तारा जोडता येत नव्हत्या असे नाही. त्या जोडायच्याच नव्हत्या.

आमचा खरा रोष आमच्याच बिरादरीवर आहे. नामांतरावरील साहित्य शिकवताना आम्ही आगीच्या प्रतिमा शोधायला लावतो. आग भाषणात शोभते. नंतर हंडा घेऊन आडावर गेलेल्या बाईचे काय झाले, हे आमच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. ‘जुन्या जखमा कशाला उकरता?’ असे काही सहकारी विचारतात. जखम भरली की नाही, हे ज्याची त्याला विचारावे.

१४ जानेवारी १९९४ रोजी, १५ वर्षांहून अधिक काळाने, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याचा सोहळा आपण दरवर्षी करतो. आडाचा हिशेब राहिला. १९७८ साली विशीत असलेली माणसे आज सत्तरीकडे झुकली आहेत. येत्या सत्रात विद्यार्थ्यांनी त्यांना एवढेच विचारून लिहून आणावे : परत आल्यावर पाणी कोठून भरले? दळण कोणी दळून दिले? काम कोणी दिले? निबंधाचे गुण आम्ही नंतर ठरवू.