अभ्यासक्रम आणि अध्यापक

१९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फोरट्रान भाषेत आज्ञावली लिहिण्यास शिकविले जाऊ लागले. तेथील प्रा. व्ही. राजारामन यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक १९६९ साली निघाले. पुढे फोरट्रानची नवी रूपे, पास्कल आणि सी यांसाठीही त्यांनी पुस्तके लिहिली. भाषा बदलत गेल्या, शिकविणारा टिकून होता. म्हणूनच अनुभव साचत गेला.

अभ्यासक्रम केवळ अभ्यास मंडळाच्या ठरावाने सुधारत नाही. यंदा विद्यार्थी कोठे अडला हे ज्याने पाहिले, तोच पुढील वर्षी उदाहरण बदलतो. आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर टाकला जातो. नेमणूक संपली की त्यांच्याबरोबर वर्षभराचे शहाणपणही दाराबाहेर जाते. मग ‘सी’ जाऊन ‘पायथन’ आली तरी पाठांतर तेच राहते, आणि त्याची झळ प्रथम लागते ती घरी संगणक नसलेल्या मुलांना.

कायम अध्यापकांची मागणी ही म्हणूनच विद्यार्थ्यांचीही मागणी आहे. कार्यकर्त्यांनी ती त्यांना बरोबर घेऊनच मांडली पाहिजे.