पाटी नसलेल्या वास्तू

बीदरला पाहुणा आला की आपण त्याला किल्ला दाखवितो, १४७२ साली उभा राहिलेला महमूद गावानचा मदरसा दाखवितो, अष्टूरला नेऊन बहमनी सुलतानांच्या कबरी दाखवितो. या सर्व ठिकाणी पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. पाटी वाचली की आपलेही समाधान होते. वारशाची काळजी सरकार घेत आहे, आपण निश्चिंत राहावे!

पण ज्या वास्तूंवर पाटी नाही, त्यांचे काय? गल्लीतली बावडी, जांभ्या दगडाचा वाडा, त्याची ढेलज, त्यावरचे माळवद, अंगणातले धान्याचे पेव यांना राखणदार कोण?

नौबादचेच उदाहरण घ्या. येथे बहमनी काळातील कारेझ आहे. कारेझ हा शब्द फारसी. आपल्याकडे तिला सुरंग बावी म्हणतात. बीदरच्या पठारावर वर जांभा आणि खाली काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि कातळावर येऊन अडते. त्या काळच्या कारागिरांनी हे ओळखून जमिनीखाली मंद उताराचा बोगदा खोदला. हवा खेळावी व गाळ उपसता यावा म्हणून ठिकठिकाणी वरून उभ्या विहिरी पाडल्या. ना मोट, ना पंप. पाणी आपल्या ओढीने वाहत येई. केरळचे भूगोल-अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी तिची पाहणी केली. अशी एकवीस तोंडे नोंदली गेली. २०१४ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने लक्ष देण्याजोग्या स्थळांच्या यादीत बीदर शहराचा समावेश केला. पुढे कारेझमधील गाळ उपसण्याचे कामही झाले. २०१६ साली इराणमधील अशाच अकरा कारेझ जागतिक वारसा ठरल्या.

हे सारे अभिमानास्पद खरे; पण तेवढ्याने कारेझ सुरक्षित झाली असे नाही. कारेझ एकसंध असते. एका प्लॉटवाल्याने आपल्या आवारातले तोंड बुजविले, दुसऱ्याने त्यात केरकचरा टाकला, तिसऱ्याने शोषखड्डा खोदला, तर बिघाड साऱ्या वाटेचा होतो. प्रत्येक तोंडापाशी सरकारने पहारेकरी बसवावा काय? तिथे शेजारीच पहारेकरी हवा. साध्या वास्तूंचे रक्षण प्रथम त्यांच्या शेजाऱ्यांच्या हाती असते, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

कायदा आहे. १९५८ चा केंद्राचा, १९६१ चा कर्नाटकाचा. परंतु त्यांचा हात जाहीर झालेल्या स्मारकांपर्यंतच पोहोचतो. मुंबईत नागरिकांनी पाठपुरावा केला म्हणून १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम आले. त्यांतील तिसरी श्रेणी रस्त्याला रूप देणाऱ्या साध्या इमारतींसाठी आहे. आपल्या लहान शहरांनी निदान हा विचार तरी उचलावा.

यावर कोणी विचारील, 'माळवद गळते, भिंतीला ओल येते. आम्ही तुमच्या इतिहासासाठी पावसात भिजावे काय?' प्रश्न रास्त आहे. ज्याच्या डोक्यावर ते छत आहे, त्याला उपदेश करून भागणार नाही. दुरुस्ती पाडण्यापेक्षा स्वस्त पडली पाहिजे. नगरसभेने अशा घरांना घरपट्टीत सूट द्यावी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी जे उरले आहेत, त्यांच्या हाताखाली तरुणांना शिकवावे. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि भिंत अधिकच खचते, एवढे जरी घरमालकाला वेळेवर कळले तरी कित्येक भिंती वाचतील.

लोक पुढे येत नाहीत ही सबब आता चालणार नाही. २०१६ च्या दुष्काळात तत्कालीन जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांच्या पुढाकाराने बीदर जिल्ह्यातील जुन्या विहिरी व तळ्यांतला गाळ काढण्यात आला. तेव्हा लोकांनीही हात लावला. तहान लागल्यावर जे सुचले, ते आधी सुचू नये काय?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याजवळ पैसा नाही, अधिकारही नाही. पण वही आणि पाय आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रत्येक गटाने एक गल्ली किंवा कारेझचे एक तोंड वाटून घ्यावे. जागा, मापे, आजची अवस्था, मालकाची अडचण आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडचे नाव एवढे लिहावे. मराठीत लिहावे, कन्नडमध्ये लिहावे. त्याची एक प्रत नगरसभेला द्यावी. जे कागदावर आले, ते बुजविताना निदान कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

आणि ती नोंदवही या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांत छापावी. पुढील वर्षीच्या अंकाला याहून उपयोगी मजकूर आणखी कोणता मिळणार?